अठरा मीटरवरून हत्ती

व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेली चाळीसेक सेकंदांची एक क्लिप. कोकणातला कुठलासा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, भर दुपार, मागे ढोल-ताशा. ड्रोन सरळ वर चढत जातो आणि खाली कातळात कोरलेली एक मोठी आकृती हळूहळू पूर्ण होत जाते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी सगळी तयारी. पण आकृतीच्या रेषा पांढऱ्याफेक आहेत. जांभ्यात अशी पांढरी रेघ नसते. उडवायच्या आधी कुणीतरी खडूने नाहीतर चुन्याने खाच न् खाच भरून घेतलेली आहे. क्लिप संपली, पुढे पाठवली गेली असेल, विसरलीही गेली असेल, पण ती पांढरी रेघ मनातून जात नाही. एवढी सुंदर वस्तू हजारो वर्षं उन्हापावसात टिकली आणि ती दिसावी म्हणून तिच्यावर खडू घासावा लागला, हे का झालं असेल? याचं उत्तर खडू घासणाऱ्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा घड्याळात आणि उंचीच्या आकड्यात शोधलं तर लवकर सापडतं. तो दुपारी आला आणि फार वर गेला.

कोकणातली कातळशिल्पं म्हणजे ड्रोनसाठीच कुणी करून ठेवलीत असं वाटावं इतकी ही जोडी जमते. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं फणसायमळ; २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही नावं गेली, तेव्हापासून पाठीवर ड्रोनची बॅग घेतलेली माणसं सड्यांवर दिसू लागली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखे लोक त्याआधी वर्षानुवर्षं गावोगाव विचारत, गवत बाजूला करत, पायी हिंडत होते, तेव्हा कुठे ही यादी उभी राहिली. कनकादित्याच्या कशेळीतला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसत नाही. दिसते ती पायापाशी वळणारी एक खाच, पुढे दुसरी. त्यामुळे ड्रोन वर नेला आणि हत्ती उभा राहिला की उडवणाऱ्याला वाटतं, झालं, फिल्म मिळाली.

ती तिथे मिळत नाही.

साधं गणित करून पाहावं. लहान ड्रोनवरचा कॅमेरा बहुतेक वेळा २४ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद बघतो. सरळ खाली पाहताना जितकी उंची, त्याच्या साधारण दीडपट रुंदीची जमीन चौकटीत येते. १८ मीटरवर सुमारे २७ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच अशी फ्रेम मिळते, म्हणजे कशेळीचा हत्ती चारी बाजूंना थोडी जागा सोडून नेमका बसतो. फोर-के चित्रात आडवे ३८४० पिक्सेल असतात. १८ मीटरवरून एक पिक्सेल सात मिलिमीटर कातळ दाखवतो, म्हणून तीन-चार सेंटिमीटर रुंदीच्या खाचेला चार-पाच पिक्सेल मिळतात. तेवढ्यात तिची कड दिसते, सावली दिसते, तिच्या तळाशी साठलेली तांबडी मातीसुद्धा कळते. आता तोच ड्रोन १२० मीटरवर न्या. एक पिक्सेल पावणेपाच सेंटिमीटरचा झाला. खाच एका पिक्सेलच्या आत गेली, म्हणजे संपलीच. वर जाऊन हत्ती मोठा होत नाही, तो पुसला जातो आणि मग त्याला परत आणायला खडू लागतो. नियमांनी परवानगी दिलेली सगळी उंची वापरलीच पाहिजे असं काही नाही. सड्यावरचं जवळजवळ सगळं चांगलं काम चार मीटर ते पंचवीस मीटर या पट्ट्यात होतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. खाच तीन सेंटिमीटर खोल धरू. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना तिची कड अकरा सेंटिमीटरपर्यंत सावली टाकते, म्हणजे सगळी खाच काळी भरते. सूर्य ७० अंशांवर गेला की हीच सावली एक सेंटिमीटरवर येते आणि जांभ्याच्या मुळातच असलेल्या भोकाभोकांत हरवते. मे महिन्यातल्या दुपारी तर सूर्य डोक्यावरच असतो. तेव्हा आकृती नाहीशी होते, शिवाय सरळ खाली बघणाऱ्या फ्रेमच्या मधोमध ड्रोनची स्वतःची सावली बसते. सकाळी ती सावली साठ-सत्तर मीटर लांब, चौकटीच्या पार बाहेर पडलेली असते. म्हणून सूर्योदयानंतरचा अर्धा ते सव्वा तास. त्याच्या आधीचा वेळ कातळ चालत बघण्यात घालवावा, त्याच्या नंतर ड्रोन बॅगेत ठेवावा.

पण यातही एक मेख आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. जी खाच उजेडाच्या दिशेनेच धावते तिला सावली पडत नाही. पूर्वेकडून ऊन आलं की उत्तर-दक्षिण रेषा उठून दिसतात आणि पूर्व-पश्चिम रेषा जवळजवळ गायब असतात. एखाद्या प्राण्याचे पाय दिसतात आणि पाठ दिसत नाही, किंवा उलट. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो, उन्हाळ्यात ईशान्येकडे, त्यामुळे डिसेंबरात न दिसलेली रेघ एप्रिलमध्ये हळूच वर येते. एका सकाळी घेतलेला एक शॉट म्हणजे त्या आकृतीचं अर्धं बोलणं. दोन ऋतूंतले दोन शॉट एकाच उंचीवरून, एकाच कोनातून घेऊन एकातून दुसऱ्यात विरघळवले की कातळच आपल्या रेषा बदलतो आहे असं वाटतं. कोणतीही करामत न करता मिळणारं, फिल्ममधलं हे सगळ्यात खरं दृश्य.

पुन्हा त्याच जागी येण्यासाठी कातळावर रंगाची खूण करू नये. वही ठेवावी. टेक-ऑफची जागा, उंची, ड्रोनचं तोंड किती अंशांवर, गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा सांधा, किती अंश खाली, सगळं लिहावं. वेपॉइंटची, म्हणजे ठरवून दिलेल्या बिंदूंवर ड्रोन आपोआप नेण्याची, सोय असेल तर तीही वापरावी, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. जीपीएस एक-दोन मीटर इकडेतिकडे होतो आणि उंची मोजणारा बॅरोमीटर हवेच्या दाबाबरोबर सरकतो. एप्रिलमधले १८ मीटर आणि ऑगस्टमधले १८ मीटर सारखे निघत नाहीत. त्यापेक्षा मागच्या वेळचं एक चित्र फोनवर उघडं ठेवावं आणि दोन ठळक खुणा, समजा सोंडेचं टोक आणि मागच्या पायाची टाच, फ्रेमच्या कडेपासून तितक्याच अंतरावर येईपर्यंत ड्रोन वरखाली करावा. उरलेला थोडा फरक एडिटिंगमध्ये चार-पाच टक्के मोठं करून जुळतो.

देवाचे गोठणे इथलं प्रकरण वेगळंच. तिथल्या सड्यावर कोरलेल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पाहायला येणारे हातात होकायंत्र घेऊन ती बघतात आणि थक्क होतात. ड्रोनच्या पोटातही होकायंत्रच असतं. आपलं तोंड कुठे आहे हे तो त्यावरून ठरवतो आणि आपण कुठे आहोत हे उपग्रहांवरून. दोघांचं जुळलं नाही की एका जागी उभा राहण्याच्या प्रयत्नात तो वाढत्या गोलांत फिरायला लागतो. स्क्रीनवर होकायंत्राची तक्रार आली की बरेच जण तिथल्या तिथे कॅलिब्रेशन करतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. त्या दगडावर शिकवलेली दिशा हवेत गेल्यावर चुकीची ठरते. कॅलिब्रेशन खाली गावात, मातीच्या अंगणात, मोटारसायकल आणि पत्र्याच्या शेडपासून लांब करून यावं. सड्यावर उडवताना ड्रोन कातळावर न ठेवता आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर ठेवावा. दोन क्रेट एकावर एक ठेवले तर आणखी बरं. होम पॉइंट, म्हणजे परत येण्याची जागा, नोंदला गेल्याशिवाय उठवायचा नाही. उठल्यावर चार मीटरवर अर्धा मिनिट हात न लावता थांबायचं आणि नकाशावरचा बाण ड्रोनच्या तोंडाच्या दिशेनेच आहे ना, हे बघायचं. बाण फिरलेला असेल, ड्रोन सरकत असेल, तर उतरवायचं. तो दिवस पायी बघण्याचा.

क्रेटचा आणखी एक फायदा आहे. सड्यावर फुरसं, म्हणजे एक विषारी साप, असतं. रंग कातळाचा, बसण्याची जागा दगडाच्या सावलीत. गुडघ्यावर बसून, गवतात हात घालून ड्रोनचे पंखे उघडत बसणाऱ्याला ते दिसत नाही. क्रेट कंबरेपर्यंत आणला तर वाकावं लागत नाही, पंख्यांत गवत जात नाही आणि मार्च-एप्रिलमधली बारीक तांबडी धूळ मोटरीत आणि गिंबलच्या सांध्यात शिरत नाही. ती धूळ एकदा आत गेली की गिंबल आडव्या वळणावर हलकासा कचकतो. शॉटमध्ये तो धक्का फोनवर कळत नाही, मोठ्या पडद्यावर लगेच कळतो.

वाऱ्याचं कोकणात एक बरं असतं, तो वेळ पाळतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, मंद आणि सरळ. ऊन तापलं की तो पडतो आणि दुपारकडे खारे वारे सुरू होतात. पाव किलोपेक्षा हलका ड्रोन सेकंदाला दहा-अकरा मीटरच्या वाऱ्यापर्यंत तग धरतो असं कंपन्या सांगतात, पण तग धरणं आणि स्थिर चित्र देणं यांत फरक आहे. त्याच्या निम्म्या वाऱ्यातच फ्रेम हलकेच डुलायला लागते. जायचं ते आधी वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना वारा घरी आणतो. उलट केलं की जाताना मजा येते आणि परतताना टक्के मोजत बसावं लागतं. तीस टक्क्यांवर परत फिरणं हा नियमच ठेवावा. सड्याच्या कडेला, जिथे कातळ संपून खाली खाडी किंवा समुद्र सुरू होतो, तिथे दुप्पट जपावं. कड्यावर आपटून वर चढलेला वारा कडेच्या आतल्या बाजूला भोवरे करतो, आणि स्क्रीनवरची उंची टेक-ऑफच्या जागेपासून मोजलेली असते. खाली जमीन सत्तर मीटरनी घसरली तरी आकडा तोच राहतो. समुद्राकाठून आल्यावर ड्रोनचं अंग गोड्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसून मग कोरडं करावं. मीठ दिसत नाही, पण बेअरिंग खातं.

शटर आणि फिल्टर यांवर लोक फार बोलतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० हवं, त्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हवा, हे खरं. एफ १.७ च्या स्थिर लेन्सला भर उन्हात आयएसओ १०० वर शटर १/८००० च्या पुढे जातं, म्हणजे १/५० ला आणायला एनडी १२८ ते २५६ लागतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात ३२ किंवा ६४ पुरतो. गवत, लाटा, चालणारं माणूस असेल तिथे हा फिल्टर लावावाच, नाहीतर प्रत्येक पातं वेगळं थरथरतं. पण कोरीव आकृतीवरून ड्रोन सेकंदाला अर्धा मीटर अशा संथ गतीने वर जात असेल तर खाली हलणारं काहीच नसतं. तिथे फिल्टर काढून ठेवला तर कडा जास्त स्वच्छ येतात. व्हाइट बॅलन्स मात्र नेहमी हाताने बांधून ठेवायचा. ऑटोवर सोडला की तांबडा कातळ फ्रेममध्ये येताच कॅमेरा सगळं निळसर करायला लागतो आणि जांभ्याचा जांभेपणा जातो.

मग पाऊस येतो आणि सगळे नियम बदलतात. पहिल्या दोन-चार सरींनंतर, गवत वर यायच्या आधी, काही दिवस असे मिळतात की कातळ धुऊन काळाभोर झालेला असतो आणि खाचांत पाणी उभं असतं. ढगाळ, पण उजळ आभाळ हवं. इथे मात्र सरळ खाली बघून उपयोग नाही. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं, खाच काळीच राहते. ड्रोन तीन-चार मीटरवर आणावा, गिंबल आडव्यापासून फक्त पंधरा-वीस अंश खाली ठेवावा आणि अगदी हळू पुढे न्यावं. तिरक्या नजरेला तेच पाणी आभाळ दाखवतं आणि कातळावर रुपेरी रेषा उमटत जातात. पोलरायझर लावलेला असेल तर आधी काढावा, तो नेमकी हीच चमक खातो. कुणी खडू घेऊन यायच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी हे होत आलेलं आहे. हे बघण्यासाठी लागते ती जूनमधल्या उघडिपीची वाट बघण्याची तयारी. सर दहा मिनिटांवर आहे हे समुद्राकडे पाहून कळतं. लहान ड्रोनला पाण्यापासून कसलंच संरक्षण नसतं, त्यामुळे पहिला थेंब पडायच्या आत तो खाली हवा.

ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर फुलं येतात. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, ओलसर कडांना किडे धरणारा दवबिंदू. ड्रोनला इथे फार काम नाही, हे मान्य करणं जड जातं. वरून ती निळ्या-पांढऱ्या धुरासारखी दिसतात आणि खाली आणला तर चार मीटरवरूनही पंख्यांचा वारा त्यांना झोडपतो. वितीएवढ्या उंचीचं हे जग पोटावर झोपून, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवून बघायचं. चालायचं ते उघड्या कातळावरून, मातीच्या पातळ थरांवर पाय न देता, कारण त्या बोटभर मातीतच सगळं उगवलेलं असतं. चार मिनिटांची फिल्म असेल तर ड्रोनचे मिळून पाऊण मिनिट पुरे होतात. बाकी सगळं जमिनीवरचं. आवाज तर पूर्णच जमिनीवरचा. ड्रोनला माइक नसतो आणि असता तरी त्याचा स्वतःचाच घोंगाट आला असता. ड्रोन बाहेर काढायच्या आधी रेकॉर्डर, केसाळ विंडशील्ड घातलेला, जमिनीलगत ठेवून प्रत्येक जागी निदान दोन मिनिटं गप्प बसावं. डबक्यातले बेडूक, गवतातून जाणारा वारा, लांबचा समुद्र. ढोल-ताशा लावायची इच्छा त्यानंतर आपोआप कमी होते.

टिटवी ओरडत वर आली तर थांबावं. ती मार्चपासून पावसापर्यंत उघड्या कातळावर चार अंडी घालते, कातळाच्याच रंगाची ठिपकेदार. ती ड्रोनवर झेपावत असेल तर घरटं जवळ आहे आणि तिचं अंड्यांवरून उठणं म्हणजे त्या उन्हात अंडी भाजणं. किनाऱ्याकडच्या घारी आणि समुद्री गरुड ड्रोनला घुसखोर समजतात. ते घिरट्या घालत खाली येऊ लागले की त्यांच्याबरोबरचा शॉट मिळेल या आशेने रेंगाळू नये, शांतपणे उतरावं. परवानग्यांचंही तसंच, आधी उरकाव्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी आहे का बघायचं. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे, खाली चिपीचा विमानतळ आहे. संरक्षित शिल्प असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी, आणि सडा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतोच, त्याला विचारल्याशिवाय नाही.

एक प्रश्न मात्र ड्रोन जितका खाली-वर करावा तितका मोठा होत जातो. हे ज्यांनी कोरलं त्यांनी हे वरून कधीच पाहिलं नाही. अठरा मीटरचा हत्ती त्यांनी पावलांनी मोजला असेल, पाठीची ओळ चालत चालत खणली असेल. काही ठिकाणी तर एकशिंगी गेंडा कोरलेला आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. कोरणाऱ्या माणसाच्या मनात प्राणी पूर्ण होता. वरून बघितल्यावर आपल्याला आनंद होतो आणि जरासं अवघडल्यासारखंही होतं, आपण त्याच्या कामात चुकीच्या दारातून शिरलो की काय असं. म्हणून मला वाटतं, फिल्ममध्ये एक लांब शॉट हवा ज्यात कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्या रेषेबाहेरून, तिला पाय न लावता, चालत जातो. सोंडेपासून शेपटीपर्यंत, मध्ये न तोडता. वरचा शॉट त्याच्यानंतर. आधी दाखवला तर चालण्यातली उत्सुकता मरते.

आणि बॅटरी शिल्लक असेल तर शेवटची दहा मिनिटं फिल्मसाठी न वापरता फोटोंसाठी ठेवावीत. १५ मीटरवरून, गिंबल सरळ खाली, शेजारच्या दोन फोटोंत ७५-८० टक्के भाग सारखा येईल अशा ओळींनी सगळा परिसर टिपावा, आकृतीबाहेर एक मीटरची काठी मोजमापासाठी ठेवून. हे फोटो सॉफ्टवेअरमध्ये जोडले की आकृतीचा मोजता येण्याजोगा नकाशा तयार होतो, खाचांच्या खोलीसकट. काही शिल्पांभोवती गडगा घातलेला आहे, पण कितीतरी अजून उघडी आहेत आणि जांभ्याच्या चिरेखाणी सड्यावर दरवर्षी पुढे सरकत आहेत. कापलेला चिरा परत जोडता येत नाही. मूळ फाइली न आवळता, गाव-तारीख-उंची नावात घालून जपाव्यात. ऑनलाइन टाकताना नेमकं ठिकाण काढून टाकावं. एक प्रत अभ्यासकांना, एक ग्रामपंचायतीला आणि एक जमिनीच्या मालकाला, मोठ्या कागदावर छापून, कारण चिरेखाणीसाठी जागा विचारायला येणारा माणूस आधी त्याच्याच दारात येतो.